नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये कोमल-तीव्र स्वर सहज कसे टाकायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेटी, व्हायोलिन किंवा बासरी शिकवणारी, शाळेच्या बँडसाठी भावगीत स्टाफवर (पाश्चात्त्य पद्धतीच्या पाच रेघांवर) उतरवून देणारी, परदेशातल्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या भाचीला एखादी बंदिश लिहून पाठवणारी मंडळी एकाच ठिकाणी अडतात. शुद्ध स्वर भराभर टाकले जातात, पण कोमल ग किंवा तीव्र म आला की हात थांबतो आणि माउस शोधायला लागतो. त्या अडचणीबद्दल मला जे प्रश्न सतत विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं मुख्यतः म्यूझस्कोअर या स्वर लिहिण्याच्या (नोटेशनच्या) सॉफ्टवेअरची घेतली आहेत, कारण ते मोफत आहे आणि आपल्याकडे बहुतेकांच्या संगणकावर तेच असतं. बाकीच्या सॉफ्टवेअरसाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

आधी स्वराचं अक्षर, मग बाण.

‘एन’ दाबून नोट लिहिण्याच्या मोडमध्ये जा, आकडा दाबून कालमान निवडा (५ म्हणजे क्वार्टर नोट, आपली एक मात्रा समजा) आणि स्वराचं अक्षर दाबा. सा म्हणजे सी धरला, तर कोमल ग साठी ‘ई’ दाबायचं आणि लगेच खालचा बाण एकदा. ई♭ तयार. तीव्र म साठी ‘एफ’ आणि वरचा बाण एकदा. एफ♯ तयार. बाणाची एक टिचकी म्हणजे अर्धा स्वर, पेटीवरची शेजारची पट्टी. कंट्रोल धरून बाण दाबलात तर स्वर अख्खं सप्तक सरकतो, त्यामुळे बोट चुकून कंट्रोलवर राहिलं नाही ना, तेवढं बघा.

मी नव्या माणसाला हीच पद्धत शिकवतो, कारण ती गाणाऱ्याच्या डोक्यात जे असतं त्याच क्रमाने चालते. आपण ‘ग’ म्हणतो आणि मग तो ‘कोमल’ असतो. ग हे नाव आधी ठरलेलं असतं, कोमल हा त्याचा गुण. ‘ई’ आधी दाबल्यामुळे हा स्वर ग आहे हे सॉफ्टवेअरला कळतं, आणि बाणाने तो ग राहूनच उतरतो. खाली उतरवला तर फ्लॅट, वर चढवला तर शार्प, असंच ते लिहितं.

मग + आणि - या कळा कशासाठी आहेत?

चिन्ह आधी निवडायचं असेल तर. म्यूझस्कोअरमध्ये नोट लिहिताना + म्हणजे ♯ (शार्प), - म्हणजे ♭ (फ्लॅट) आणि = म्हणजे ♮ (नॅचरल, चिन्ह काढून घेतलेला साधा स्वर). कळ दाबा, मग अक्षर दाबा. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांना हे सोयीचं वाटतं.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे + आणि = एकाच कळीवर असतात. शिफ्ट विसरलात की शार्पच्या जागी नॅचरल येतो, आणि तो स्वर तसाही शुद्ध असेल तर नुसतं एक अनावश्यक ♮ छापलं जातं, जे दहा ओळींनंतर लक्षात येतं. दुसरी चूक क्रमाची. अक्षर टाकून झाल्यावर - दाबलं, तर ते चिन्ह पुढच्या स्वराला लागतं. टाकून झालेला स्वर बदलायचा असेल तेव्हा बाणच वापरा.

एक जागा मात्र अशी आहे जिथे बाण पुरत नाही. ग-म आणि नि-सां यांच्यामध्ये पेटीवर काळी पट्टी नसते, म्हणून ‘ई’ला वरचा बाण दिला की सरळ ‘एफ’ येतो. ई♯ खरोखरच हवा असेल, तर आधी + दाबून मग ‘ई’. आपल्या संगीतात सा = सी धरल्यावर हा प्रसंग येत नाही, दुसऱ्या पट्ट्यांमध्ये लिहिताना येऊ शकतो.

मिडी कीबोर्डवरून वाजवलं तर कोमल रे ऐवजी सी♯ लिहिला जातो. का?

कारण मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडलेला पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड) फक्त ‘ही पट्टी दाबली’ एवढंच सांगतो. सी आणि डी मधली काळी पट्टी सी♯ आहे की डी♭, हे त्या तारेतून जात नाही. सॉफ्टवेअर ‘की सिग्नेचर’ (ओळीच्या सुरुवातीला एकदाच लिहिलेली शार्प-फ्लॅट चिन्हं) बघून अंदाज बांधतं, आणि तो अंदाज पाश्चात्त्य संगीताच्या सवयींवर बेतलेला असतो. तोडी किंवा मारव्याची त्याला कल्पना नाही.

दुरुस्ती सोपी आहे. तो स्वर निवडा आणि ‘जे’ दाबा. सी♯ चा डी♭ होतो. ऐकायला काही बदलत नाही, फक्त नाव बदलतं. पुन्हा पुन्हा दाबत गेलात तर त्या पट्टीची बाकीची नावंही फिरून येतात.

ऐकायला सारखंच असेल तर नावाने काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

तोडीचा आरोह सा = सी धरून लिहा: सी, डी♭, ई♭, एफ♯, जी, ए♭, बी. सात स्वर, सात वेगळी अक्षरं, स्टाफवर सात वेगळ्या जागा. नोटा पायऱ्यांसारख्या चढत जातात आणि वाजवणाऱ्याला डोळ्यांनीच कळतं की हा सलग आरोह आहे. आता तेच सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडा. कोमल रे चा सी♯ झाला, की सा आणि रे एकाच ओळीवर बसतात. वाचणाऱ्याला दिसतं सा-सा, मग मध्ये एक रिकामी पायरी, मग ग. कोमल ध चा जी♯ झाला, की प-प दिसतं. कान बरोबर ऐकतो आणि डोळा चूक वाचतो. व्हायोलिनवर तर प्रत्यक्ष बोटं बदलतात, कारण डी♭ वाचला की वादक डी साठी असलेलं बोट मागे सरकवतो, आणि सी♯ वाचला तर सी साठीचं बोट पुढे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडे स्वराचं नाव हीच त्याची ओळख. ‘कोमल रे’ हा ‘तीव्र सा’ असूच शकत नाही, कारण सा आणि प अचल आहेत. सॉफ्टवेअरने सी♯ लिहिला, तर त्याने आपल्या संगीतात अस्तित्वातच नसलेला स्वर लिहिला. म्हणून माझा नियम सरळ आहे. सा = सी असताना पानावर चार फ्लॅट आणि एक शार्प एवढीच नावं दिसली पाहिजेत: डी♭, ई♭, ए♭, बी♭ आणि एफ♯. सी♯, डी♯, जी♯, ए♯ किंवा जी♭ दिसला, की तो चुकीचा. लिहून झाल्यावर पानावरून नजर फिरवताना एवढी पाच नावं लक्षात ठेवली तरी नव्वद टक्के तपासणी होते.

की सिग्नेचर आधी लावायची की शेवटी?

आधी. दुसरा पर्याय जवळजवळ नाहीच.

की सिग्नेचर लावलेली असली की अक्षर दाबताच योग्य स्वर पडतो. दोन फ्लॅटची सिग्नेचर लावून ‘ई’ दाबलात तर ई♭ च येतो, बाणाची गरज पडत नाही. उलट सगळं लिहून झाल्यावर सिग्नेचर लावलीत, तर म्यूझस्कोअर तुमचे स्वर जसेच्या तसे ठेवतं आणि जे तिच्यात बसत नाहीत त्यांना चिन्हं लावतं. शुद्ध ग म्हणून चुकून राहिलेल्या प्रत्येक ‘ई’ समोर मग ♮ उभा राहतो.

आता कोणत्या रागाला कोणती सिग्नेचर? दहा थाटांपैकी (थाट म्हणजे रागांचे मूळ स्वरसंच) सहा थाट पाश्चात्त्य सिग्नेचरमध्ये तंतोतंत बसतात. सा = सी धरून:

बिलावलला काहीच लागत नाही. कल्याणला एक शार्प, म्हणजे एफ♯. खमाजला एक फ्लॅट (बी♭), काफीला दोन (बी♭, ई♭), आसावरीला तीन (त्यात ए♭ ची भर) आणि भैरवीला चार (डी♭ सुद्धा). हा क्रम पाठ करायला सोपा आहे, कारण प्रत्येक पायरीला एकच स्वर कोमल होत जातो: नि, ग, ध, रे. पाश्चात्त्य सिग्नेचरमध्येही फ्लॅट याच क्रमाने येतात.

पाश्चात्त्य वादकाला एक शार्प दिसला की तो जी मेजर (म्हणजे सा = जी) समजतो आणि जी वर विसावा शोधतो. म्हणून यमन लिहाल तेव्हा पानाच्या डोक्यावर ‘सा = सी’ असं स्पष्ट लिहा. ही एक ओळ पुष्कळ पत्रव्यवहार वाचवते.

भैरव, पूर्वी, मारवा, तोडी यांचं काय?

हे चार थाट कोणत्याही तयार सिग्नेचरमध्ये बसत नाहीत. भैरवात रे-ध कोमल आहेत पण ग-नि शुद्ध. मारव्यात कोमल रे आणि तीव्र म, म्हणजे एक फ्लॅट आणि एक शार्प शेजारी शेजारी. पूर्वीत त्यावर कोमल ध, तोडीत आणखी कोमल ग.

म्यूझस्कोअरमध्ये स्वतःची सिग्नेचर बनवता येते. शिफ्ट-एफ९ ने मास्टर पॅलेट उघडा, की सिग्नेचरच्या विभागात जाऊन हवी ती चिन्हं स्टाफवर ओढून ठेवा आणि जोडा. फ्लॅट-शार्प मिसळलेल्या अशा सिग्नेचर हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकनेही वापरल्या आहेत, तेव्हा ही पद्धत काही परकी नाही.

तरीही मी स्वतः या चार थाटांसाठी सिग्नेचर रिकामी ठेवतो आणि चिन्हं स्वरासमोरच लिहितो. पान थोडं भरल्यासारखं दिसतं हे खरं. पण ज्याच्यासाठी लिहितो तो बहुतेकदा असा वादक असतो, ज्याने आयुष्यात कधी डी♭ आणि एफ♯ एका सिग्नेचरमध्ये पाहिलेले नसतात. दुसऱ्या ओळीवर पोचेपर्यंत तो सिग्नेचर विसरतो आणि मारव्यात शुद्ध रे लावतो. चिन्ह समोर दिसलं तर लावत नाही. बाणाची सवय झाली की हे टाकायला वेळही लागत नाही.

आमच्या गायिकेची पट्टी काळी पाच आहे. तसंच लिहायचं की सी मध्ये?

लिहा सी मध्ये, वाजवायला द्या काळी पाचमध्ये (सप्तकातली पाचवी काळी पट्टी सा धरून). सी मध्ये लिहिल्याने वर सांगितलेली पाच नावांची तपासणी करता येते. मग टूल्स मेन्यूतल्या ट्रान्सपोजने अख्खी रचना हव्या त्या पट्टीत न्या. ट्रान्सपोजमध्ये की सिग्नेचरही सोबत बदलायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर प्रत्येक स्वरासमोर चिन्हांची गर्दी होईल.

पट्टीचं नाव निवडताना मात्र विचार करायला हवा. पेटीवर काळी पाच म्हणजे काळी पाच, पण कागदावर ती ए♯ की बी♭? मेजरचा, म्हणजे बिलावलच्या स्वरांचा, हिशोब धरला तर बी♭ ला दोन फ्लॅट पुरतात आणि ए♯ ला दहा शार्प लागतील, जे सिग्नेचरमध्ये मावतच नाहीत, कारण तिथे जास्तीत जास्त सातच चिन्हं असतात. त्याच हिशोबाने काळी दोन म्हणजे ई♭ (तीन फ्लॅट), काळी चार म्हणजे ए♭ (चार फ्लॅट), काळी एक म्हणजे डी♭ (पाच फ्लॅट). काळी तीन तेवढी दोन्हीकडून सारखी: एफ♯ ला सहा शार्प, जी♭ ला सहा फ्लॅट.

हा झाला बिलावलचा हिशोब. राग बदलला की उत्तरही बदलतं. काळी पाचमधला यमन बी♭ वर लिहिला तर फक्त एक फ्लॅट लागतो. काळी एकमधली भैरवी डी♭ वर लिहायला गेलात तर पाच अधिक चार असे नऊ फ्लॅट होतील. तीच सी♯ वर लिहा: सी♯, डी, ई, एफ♯, जी♯, ए, बी. फक्त तीन शार्प! पुरुष गायकाच्या मैफलीची अखेरची भैरवी व्हायोलिनवाल्याला लिहून देताना हे एक गणित माहीत असलं की तो मनापासून आभार मानतो.

मी चिन्ह टाकलं, पण ते दिसत नाही. आणि कधी नको तिथे दिसतं.

दोन्ही एकाच नियमामुळे होतं. स्टाफवर लागलेलं चिन्ह त्या बारच्या (दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या) शेवटच्या रेघेपर्यंत चालू राहतं, त्याच सप्तकातल्या त्याच स्वराला. बारमध्ये एकदा बी♭ आला, की पुढचा बी आपोआप फ्लॅटच असतो, म्हणून त्याच्यासमोर सॉफ्टवेअर चिन्ह पुन्हा छापत नाही. आणि त्याच बारमध्ये शुद्ध नि हवा असेल, तर त्याला ♮ लावावा लागतो.

आपल्या रागांत हा प्रसंग पावलोपावली येतो. देसमध्ये आरोहात शुद्ध नि आणि अवरोहात कोमल. ललतात तर दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात, आणि एफ♯, एफ♮, एफ♯ अशी माळ लागते. अशा वेळी चिन्हं काढून टाकायच्या भानगडीत पडू नका, ती हवीतच.

खरी गडबड बार किती लांब ठेवला यात असते. पुष्कळ जण तीनतालाचं पूर्ण आवर्तन एका बारमध्ये लिहितात, कारण सम ते सम असा विचार मनात असतो. सोळा मात्रांचा बार झाला, की तिसऱ्या मात्रेवर लागलेला कोमल नि चौदाव्या मात्रेपर्यंत लागू राहतो आणि वाचणाऱ्याला मागे जाऊन शोधावं लागतं. प्रत्येक खंडाला एक बार द्या: तीनतालाला चार मात्रांचे चार बार. झपतालाला २-३-२-३ असे बार करा. खंड आपल्याला दिसतो, आणि चिन्हाची मुदतही आटोक्यात राहते. समेवर आवर्तनाचा आकडा लिहिला की सम हरवत नाही.

बार बदलल्यावर वाचणाऱ्याला शंका येईल असं वाटलं, तर स्वर निवडून टूलबारवरचं ♯, ♭ किंवा ♮ दाबा. गरज नसलेलं चिन्हसुद्धा त्यामुळे आठवण म्हणून छापलं जातं. ॲक्सिडेंटलच्या (शार्प-फ्लॅट चिन्हांच्या) पॅलेटमध्ये कंसही आहे, तो लावला तर ‘हे फक्त आठवणीसाठी’ असं स्पष्ट होतं.

अख्ख्या पानाची नावं एकदम सुधारता येतात का?

येतात. टूल्समध्ये त्यासाठी आज्ञा आहे; काही आवृत्त्यांत तिचं नाव रिस्पेल पिचेस आहे. पण ती पाश्चात्त्य तर्कानेच चालते. काफी, भैरवीसारख्या सिग्नेचरमध्ये बसणाऱ्या रागांना ती चांगला हात देते. तोडी-मारव्यावर चालवाल तर हाताने नीट केलेलंही पुन्हा बदलेल. वापरण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा.

सिबेलिअस, डोरिको, लिलीपाँडमध्ये कसं?

सिबेलिअसमध्ये उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर, पहिल्या मांडणीत, ७ म्हणजे ♮, ८ म्हणजे ♯, ९ म्हणजे ♭. तिन्ही शेजारी शेजारी, त्यामुळे डावा हात अक्षरांवर आणि उजवा पॅडवर ठेवला की वेग फार चांगला येतो. लॅपटॉपला पॅड नसेल तर त्यासाठी वेगळा शॉर्टकट संच आहे, तो निवडा.

डोरिकोमध्ये = म्हणजे ♯, - म्हणजे ♭ आणि ० म्हणजे ♮. म्यूझस्कोअरमधून डोरिकोकडे जाणाऱ्याने इथे सावध राहावं, कारण तिकडे = म्हणजे नॅचरल होता आणि इकडे शार्प आहे. बोटांची सवय सहजी सुटत नाही.

लिलीपाँडमध्ये माउस नाहीच, सगळं अक्षरांत लिहायचं. स्वरांची नावं मुळात डच पद्धतीची आहेत: अक्षराला ‘इस’ जोडलं की शार्प, ‘एस’ जोडलं की फ्लॅट. एफ♯ म्हणजे ‘फिस’, बी♭ म्हणजे ‘बेस’. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इथे की सिग्नेचर लावली तरी नुसता ‘एफ’ लिहिला तर तो शुद्धच राहतो. प्रत्येक वेळी ‘फिस’ लिहावंच लागतं. सुरुवातीला त्रास वाटतो, पण मला ही पद्धत आपल्या विचाराच्या जवळची वाटते, कारण इथे प्रत्येक स्वराचं पूर्ण नाव घ्यावं लागतं.

फिनाले हे जुनं नोटेशन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आपल्या फाइली म्यूझिक-एक्सएमएलमध्ये (बाकीच्या नोटेशन सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या फाइल-प्रकारात) काढून ठेवाव्यात. २०२४ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. म्यूझिक-एक्सएमएलमध्ये स्वराचं अक्षर आणि त्याचा चढ-उतार वेगळे नोंदवले जातात, त्यामुळे डी♭ चा सी♯ होत नाही.

‘एन’ दाबलं तरी काहीच होत नाही!

बहुतेक वेळा मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो. गीताचे बोल देवनागरीत टाकून झाले की भाषा इंग्रजी करायची राहून जाते आणि अक्षरांचे शॉर्टकट ओळखले जात नाहीत. विंडोजवर विंडोज-स्पेस दाबून भाषा बदला.

मला स्टाफ नकोच. देवनागरी सरगममध्ये कोमलची रेघ आणि तीव्रची उभी खूण कशी टाकू?

हा प्रश्न येतो तेव्हा मला विशेष आनंद होतो, कारण याचं उत्तर युनिकोडमध्ये (संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या सामाईक यादीत) तयार आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. संगणकावर बहुतेक जण स्वर निवडून कंट्रोल-यू दाबतात आणि अधोरेखित करतात. पानावर ते ठीक दिसतं. पण अधोरेखन ही अक्षराची सजावट आहे, अक्षराचा भाग नाही. तो मजकूर कॉपी करून फोनवरच्या मेसेजमध्ये टाकला की सगळ्या रेघा गळून जातात. मी एकदा भैरवीतलं भजन असं पाठवलं होतं. पलीकडच्या मुलीने मन लावून आठवडाभर ते बिलावलात बसवलं, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

तेव्हापासून मी वेदपाठाची चिन्हं वापरतो. युनिकोडमध्ये ०९५२ या क्रमांकावर अनुदात्ताची खूण आहे, अक्षराखाली आडवी रेघ. आणि ०९५१ वर उदात्त नावाने नोंदलेली खूण आहे, अक्षरावर उभी रेघ. (ऋग्वेदाच्या पोथ्यांत ही उभी रेघ प्रत्यक्षात स्वरिताची असते, पण युनिकोडमधलं नाव उदात्त पडलं आहे.) दोन्ही नेमक्या भातखंडे पद्धतीच्या आकाराच्या! म्हणून असं लिहिता येतं: सा रे॒ ग॒ म॑ प ध॒ नि. ही तोडी कुठेही पाठवा, मेसेजमध्ये, ईमेलमध्ये, फाइलच्या नावात, रेघा अक्षराला चिकटून राहतात.

वर्डमध्ये स्वर लिहून लगेच इंग्रजी आकड्यांत ०९५२ टाइप करा आणि आल्ट-एक्स दाबा. पण प्रत्येक स्वराला हे करत बसू नका. पूर्ण बंदिश साध्या खुणांनी लिहा, कोमलानंतर खालची डॅश आणि तीव्रानंतर अधिक चिन्ह: रे_ ग_ म+. शेवटी शोधा-आणि-बदला वापरून सगळ्या _ च्या जागी अनुदात्त आणि सगळ्या + च्या जागी उभी रेघ. दोन मिनिटांत पान तयार.

सप्तकाच्या बिंदूंसाठी मंद्रला नुक्ता आणि तारला अनुस्वार चालतो: ध़, सां. सगळं एकत्र आलं तर क्रम सांभाळा. आधी अक्षर, मग नुक्ता, मग मात्रा, मग अनुस्वार आणि रेघ सगळ्यात शेवटी. क्रम चुकला तर मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. फॉन्ट युनिकोडचा हवा; निर्मला किंवा नोटो देवनागरीत या खुणा नीट दिसतात.

आमच्या गुरुजींच्या वहीत चिन्हं वेगळी आहेत. कोणती बरोबर?

ती बहुधा पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या परंपरेतली असतील. तिथे कोमलाला हलन्तासारखी खूण असते. आणि गोंधळ करणारी गोष्ट म्हणजे तिथे स्वरावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो आणि स्वरावरची उभी रेघ तार सप्तक. भातखंडे पद्धतीत बिंदू वर असेल तर तार, आणि म वर उभी रेघ असेल तर तीव्र. जुन्या वहीतून संगणकावर उतरवण्याआधी वही कोणत्या पद्धतीची आहे हे ठरवा, नाहीतर तार मध्यमाचा तीव्र मध्यम होईल. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, एका पानावर मिसळू नका एवढंच.

स्टाफच्या नोटांखाली सरगम लिहिता येते का?

येते, आणि शिकणाऱ्या मुलांसाठी मी आवर्जून लिहितो. पहिली नोट निवडून कंट्रोल-एल दाबा, सरगमचा स्वर टाइप करा, स्पेस दाबली की कर्सर पुढच्या नोटेखाली जातो. बोल पहिल्या ओळीत ठेवून सरगम दुसऱ्या ओळीत द्या. रे॒, म॑ हे तयार करून ठेवलेल्या मजकुरातून चिकटवले तरी चालतात. ज्या मुलाला फक्त स्टाफ येतो आणि ज्या आजीला फक्त सरगम येते, ते दोघं मग एकाच कागदावरून रियाज करू शकतात.

दरबारीचा अतिकोमल गंधार कसा लिहू?

ई♭ लिहा आणि वर ‘आंदोलित’ असा शब्द टाका. पॅलेटमध्ये पाव स्वराची चिन्हं आहेत, बाण लावलेले फ्लॅटही आहेत. पण दरबारीचा गंधार एका जागी उभा राहत नाही, तो झुलतो, आणि त्याचं झुलणं हाच त्याचा सूर आहे. एखादं ठरीव चिन्ह लावून त्याला एका बिंदूवर खिळवणं मला पटत नाही. वाचणाऱ्याला सोबत एखादं ध्वनिमुद्रण ऐकायला द्या.

कॉर्डच्या नावात फ्लॅट कसा येतो?

कंट्रोल-के दाबून कॉर्ड लिहिताना फ्लॅटसाठी लहान ‘बी’ अक्षर आणि शार्पसाठी हॅश टाइप करा, सॉफ्टवेअर त्यांची खरी चिन्हं करतं. फ्लॅटचं चिन्ह मुळात गोल ‘बी’ अक्षरापासूनच आलं आहे. साध्या मजकुरात मात्र हॅश म्हणजे ♯ नव्हे. तिथे मजकूर लिहिताना खास चिन्हांच्या यादीतून खरं ♯ घ्या.

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या पानावर माझे सगळे शार्प-फ्लॅट बदललेले दिसतात.

ते बरोबर आहे. बी♭ क्लॅरिनेटवर सी ऐकू यायला डी लिहावा लागतो, ऑल्टो सॅक्सोफोनला ए. सी मधला एक शार्पचा यमन क्लॅरिनेटच्या पानावर तीन शार्पचा आणि ऑल्टोच्या पानावर चार शार्पचा होतो. लिहिताना ‘कॉन्सर्ट पिच’ (प्रत्यक्ष ऐकू येणारे स्वर दाखवणारा पर्याय) चालू ठेवा, म्हणजे तुम्हाला सगळे सी मध्येच दिसतील आणि पाच नावांची तपासणी चालेल. छापण्याआधी ते बंद करायला विसरू नका, नाहीतर क्लॅरिनेटवाला तालमीत पूर्ण एक स्वर खाली वाजवत बसेल.